डॅशबोर्डवरचा वाटाड्या

निवृत्तीनंतर गाडी घ्यायला निघालेले सीनियर आणि रजेवर जाऊन गाडी बुक करणारे जवान मला हल्ली एकच प्रश्न विचारतात. कंपनीचं नेव्हिगेशन आतच बसवलेलं वरचं मॉडेल घ्यावं, की साध्या स्क्रीनला मोबाइल जोडला तरी भागतं? प्रश्न पैशांचा वाटतो. पण त्याचं नीट उत्तर द्यायचं तर ही विद्या गाडीत आली कुठून आणि तिची किल्ली कोणाच्या खिशात आहे, हे पाहावं लागतं. आपल्या पेशातल्या माणसाला तर ते पाहायलाच हवं, कारण या गोष्टीचा निम्मा इतिहास आपल्याच पेशातला आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. स्क्रीनवर सरकणारा तो निळा बाण म्हणजे तीन वेगळ्या कामांची बेरीज आहे. पहिलं काम, गाडी कुठे आहे हे ठरवणं. दुसरं, त्या जागेखाली बरोबर नकाशा ठेवणं. तिसरं, पुढे जावं की नाही हे ठरवणं. पहिली दोन यंत्रं करतात. तिसरं अजून माणसाकडेच आहे, आणि बहुतेक घोटाळे होतात ते हे विसरल्यामुळे.

आधी चाक

गाडीने स्वतःची वाट मोजायची कल्पना उपग्रहांपेक्षा दोन हजार वर्षं जुनी आहे. रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियसने आपल्या ग्रंथात अशा रथाचं वर्णन केलं आहे, ज्याच्या चाकाला दातेरी चक्रं जोडलेली असतात आणि एक मैल झाला की भांड्यात एक खडा पडतो. मुक्कामाला पोहोचलं की खडे मोजायचे. आपल्याकडे बाबराने १५२८ मध्ये आग्रा ते काबूल हा रस्ता दोरीने मोजून घेण्याचा हुकूम दिला होता.

चाक नेणं शक्य नव्हतं तिथे पावलं कामी आली. कुमाऊँच्या जोहार खोऱ्यातले पंडित नैनसिंह रावत १८६५-६६ मध्ये यात्रेकरूच्या वेषात काठमांडूहून ल्हासाला गेले. भारतीय सर्वेक्षण विभागाने त्यांना ठरावीक लांबीचं पाऊल टाकायला शिकवलं होतं. मैलाला २००० पावलं. हातातल्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी. शंभर पावलांना एक मणी ओढायचा, म्हणजे माळेचा एक फेरा झाला की १०,००० पावलं, पाच मैल. नोंदी लपवायच्या प्रार्थनाचक्रात. दिशा होकायंत्रावरून आणि अंतर पावलांवरून काढत त्यांनी ल्हासाचं स्थान नकाशावर आणलं. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं.

दिशा आणि अंतर माहीत असेल तर निघाल्या जागेपासून आपण कुठे आलो हे काढता येतं. मॅप रीडिंगच्या पहिल्या पिरियडला उस्ताद हेच शिकवतात, याला आपण डेड रेकनिंग म्हणतो. नैनसिंहांची जपमाळ आणि आजच्या गाडीतली चिप यांचं गणित एकच आहे, हे पुढे येईलच.

मोटारगाडी आल्यावर हे गणित लगेच तिच्यावर चढलं. अमेरिकेत १९०९ मध्ये जोन्स लाइव्ह-मॅप नावाचं उपकरण विक्रीला आलं. कागदाची गोल तबकडी, त्यावर एका ठरावीक रस्त्याच्या सूचना छापलेल्या. तबकडी चाकाला केबलने जोडलेली. गाडी पुढे जाईल तशी तबकडी फिरायची आणि 'इथे उजवीकडे वळा' ही सूचना काट्याखाली यायची. एका तबकडीवर साधारण १०० मैल. १९३० च्या सुमारास युरोपात कागदी नकाशाची गुंडाळी स्पीडोमीटरला जोडून सरकवणारं उपकरणही निघालं. दोन्हींची खोट एकच. रस्ता सोडला की उपकरण निकामी, कारण त्यांना अंतर कळायचं, दिशा कळायची नाही.

वाळवंटात सावलीचा काटा

गाडीत दिशा कळणं सोपं नाही. कंपास वापरताना गाडी, रायफल, काटेरी तार यांपासून दूर उभं राहायचं, हे कॅडेट असताना आपल्याला घोटून शिकवलेलं असतं. गाडी म्हणजे एक-दोन टन लोखंड. तिच्यात बसून चुंबकीय कंपास पाहिला तर तो भलतीच दिशा दाखवतो. थांबायचं, उतरायचं, दूर जाऊन बेअरिंग घ्यायचं, परत येऊन बसायचं, असं करत सपाट वाळवंटात शेकडो मैल कापायचे तर दिवस त्यातच जातो.

यावर तोडगा काढला ब्रिटिश सिग्नल्सचे अधिकारी राल्फ बॅग्नोल्ड यांनी. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ते हौसेने फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात फिरत असत. त्यांनी गाडीसाठी सूर्यकंपास तयार केला. अंश कोरलेली आडवी तबकडी, मधोमध उभी सुई. सुईची सावली तबकडीवर ठरावीक अंशावर ठेवत ड्रायव्हरने गाडी हाकायची. लोखंडाचा सावलीवर काही परिणाम होत नाही आणि गाडी थांबवावी लागत नाही. अंतर मीटरवरून घ्यायचं. सूर्य सरकेल तशी तबकडी तक्ते पाहून फिरवायची. भर दुपारी सूर्य डोक्यावर आला की सावली नाहीशी, मग मुक्काम. रात्री थिओडोलाइटने तारे पाहून दिवसभराची चूक दुरुस्त करायची.

१९४० मध्ये याच विद्येवर इजिप्तमध्ये लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभा राहिला. शत्रूच्या पिछाडीला शेकडो मैल आत जाऊन माहिती आणणं हे त्याचं काम. पुढे त्याच्याबरोबर इंडियन लाँग रेंज स्क्वॉड्रनही होती, आपल्या घोडदळाच्या रेजिमेंटांतून निवडलेल्या जवानांची. ज्या वाळवंटाला नकाशात पांढरा कागद होता, तिथे हे जवान सावली आणि मीटर यांवर गाड्या नेत होते. आपल्याकडे या स्क्वॉड्रनविषयी फार कमी बोललं जातं.

त्याच युद्धात अमेरिकन इंजिनियर्सनी जीपसाठी ओडोग्राफ बनवला. तो कंपासची दिशा आणि चाकाचं अंतर एकत्र करून जीपची वाट आपोआप कागदावर रेखाटत असे. दिशा आणि अंतर दोन्ही समजणारं हे वाहनातलं यंत्र होतं. पण शांतता आली आणि ते मागे पडलं.

अकॉर्ड, कॅसेट आणि स्थिर होडी

मोटारीत नेव्हिगेशन परत आलं ते जपानमधून. १९८१ मध्ये होंडाने अकॉर्डसाठी इलेक्ट्रो जायरो-केटर आणला. हीलियम वायूचा जायरो वळण मोजायचा, चाकावरचा सेन्सर अंतर मोजायचा, आणि छोट्या पडद्यावर उजळ ठिपका सरकायचा. नकाशा मात्र पारदर्शक कागदाचा, पडद्यासमोर हाताने सरकवून बसवायचा. पुढच्या भागात गेलात की कागद बदला. एकही उपग्रह नाही.

१९८५ मध्ये कॅलिफोर्नियात ईटॅक कंपनीचा नेव्हिगेटर आला. नकाशा आता अंकी स्वरूपात होता, पण कॅसेटवर. मोठ्या शहराला एक कॅसेट पुरत नसे. त्यातली दोन वैशिष्ट्यं आजही तुमच्या गाडीत आहेत. पहिलं म्हणजे मॅप मॅचिंग. जायरो आणि चाक यांची चूक हळूहळू साचत जाते. ईटॅकने ती सुधारायला रस्त्याचाच आधार घेतला. गाडी वळली आणि जवळपास वळण एकच असेल, तर गाडी त्या वळणावरच असणार असं धरून ठिपका तिथे सरकवायचा.

दुसरं म्हणजे बाण मधोमध स्थिर आणि नकाशा त्याच्याभोवती फिरणारा. 'ईटॅक' हा शब्दच प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या खलाशांचा. त्यांच्या हिशोबात होडी जागेवर असते आणि बेटं मागे सरकत जातात. आपल्याला मॅप रीडिंगमध्ये नकाशा जमिनीशी जुळवून धरायला शिकवतात ना, तेच काम हा पडदा आपोआप करतो.

आकाशातली घड्याळं

उपग्रहांची कथा ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुतनिक सोडला तिथून सुरू होते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गायर आणि वायफेनबाख या दोन शास्त्रज्ञांनी त्याच्या 'बीप'ची बदलणारी वारंवारता मोजून त्याची कक्षा काढली. जाणाऱ्या रेल्वेची शिट्टी पुढे गेल्यावर खालच्या सुरात येते, तेच तत्त्व. मग त्यांचे वरिष्ठ मॅक्क्लुअर यांनी प्रश्न उलटा केला. जमिनीवरून उपग्रहाची जागा कळते, तर उपग्रहावरून जमिनीवरची जागा का कळू नये? त्यातून अमेरिकन नौदलाची ट्रान्झिट प्रणाली आली, पोलॅरिस पाणबुड्यांसाठी. पण तिला एक फिक्स मिळायला काही मिनिटं लागत आणि पुढच्या उपग्रहाची वाट पाहावी लागे. संथ जहाजाला ठीक, धावत्या गाडीला निरुपयोगी.

जीपीएसचा कार्यक्रम १९७३ मध्ये ठरला आणि पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला. तत्त्व सोपं आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचा प्रत्येक उपग्रह सतत सांगत असतो, 'मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजले आहेत.' संदेश यायला किती वेळ लागला यावरून अंतर निघतं. तीन अंतरांवरून जागा मिळते, आणि आपल्या रिसीव्हरचं स्वस्त घड्याळ दुरुस्त करायला चौथा उपग्रह लागतो. एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मीटर. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादानुसार उपग्रहावरचं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं. ते जमेस धरलं नाही तर एका दिवसात १० किलोमीटरच्या आसपास चूक साचेल.

उपग्रहाचा आधार घेणारं नेव्हिगेशन आतच बसवलेली पहिली मोटार म्हणजे १९९० ची माझदा युनोस कॉस्मो. पण जीपीएसची जगासमोर खरी परीक्षा झाली ती फेब्रुवारी १९९१ मध्ये, इराकच्या वाळवंटात. तेव्हा २४ उपग्रह पूर्णही झाले नव्हते. तरी खुणा नसलेल्या वाळवंटातून, रात्री आणि वाळूच्या वादळात, अमेरिकन चिलखती दलांनी पश्चिमेकडून मोठा वळसा घातला. सैनिकी रिसीव्हर पुरेसे नव्हते म्हणून नागरी बाजारातले हजारो छोटे रिसीव्हर विकत घेऊन वाहनांत बसवले गेले. बॅग्नोल्डच्या सुईची जागा या डब्यांनी घेतली.

किल्ली कोणाकडे

इथे आपल्या दृष्टीने कळीचा मुद्दा येतो. जीपीएस सर्वांना खुलं करण्याची घोषणा अमेरिकेने १९८३ मध्ये केली. त्या वर्षी कोरियाचं प्रवासी विमान भरकटून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं, २६९ माणसं गेली. पण खुला ठेवलेला सिग्नल मुद्दाम बिघडवलेला होता. सिलेक्टिव्ह अव्हेलिबिलिटी या नावाने त्यात अशी चूक मिसळलेली असे की नागरी रिसीव्हर १०० मीटरपर्यंत चुकावा. आखाती युद्धात अमेरिकेचे स्वतःचेच सैनिक नागरी रिसीव्हर वापरत होते, तेव्हा ही चूक काढून टाकली. युद्ध संपल्यावर परत घातली. कायमची बंद केली ती मे २००० मध्ये.

आता तारखा शेजारी ठेवा. कारगिलचं युद्ध मे ते जुलै १९९९. म्हणजे तेव्हा नागरी जीपीएसमध्ये ती चूक मिसळलेलीच होती. सपाट प्रदेशात १०० मीटर म्हणजे रस्त्याची ही बाजू की ती बाजू. धारदार कड्यावर १०० मीटर म्हणजे हा उतार की पलीकडचा, आपला की त्यांचा. तोफखान्यातल्या वाचकांना यापुढे काही सांगायला नको.

दुसऱ्याच्या घड्याळावर किती विसंबायचं, हा प्रश्न म्हणून खरा आहे. रशियाने ग्लोनास, युरोपने गॅलिलिओ, चीनने बेईडू उभारलं. भारत सरकारने २००६ मध्ये आपली प्रादेशिक प्रणाली मंजूर केली. १ जुलै २०१३ रोजी पहिला उपग्रह गेला, एप्रिल २०१६ मध्ये सातवा गेला आणि प्रणालीला 'नाविक' नाव मिळालं. भारत आणि सीमेपलीकडे सुमारे १,५०० किलोमीटर हा तिचा टापू. नागरी सेवा वेगळी, आणि अधिकृत वापरासाठी सांकेतिक सेवा वेगळी.

मात्र वाट सरळ नव्हती, आणि ते लपवण्यात देशभक्ती नाही. उपग्रहांतली आयात केलेली अणुघड्याळं बंद पडत गेली. ऑगस्ट २०१७ मध्ये उष्णताकवच न सुटल्याने एक उपग्रह वाया गेला. मे २०२३ मध्ये एनव्हीएस-०१ स्वदेशी अणुघड्याळ घेऊन गेला आणि त्यात सर्वसामान्य फोन-गाड्यांना समजणारा एल-१ सिग्नलही आला. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हीएस-०२ चं उड्डाण ठीक झालं, पण उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. घड्याळ स्वतः बनवायला लागणं, हाच या सगळ्यातला सर्वांत मोठा नफा आहे असं मला वाटतं.

हिंगणघाट ते बरेली

जागा कळली तरी नकाशा बरोबर हवा. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पायारेषा विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ मोजली. १८२३ मध्ये काम करता करताच त्यांचा मृत्यू झाला, तो आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्यांची कबर तिथेच आहे. पुढे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी नेलं आणि पृथ्वीच्या आकाराचं त्यांनी काढलेलं माप, एव्हरेस्ट स्फेरॉइड, आपल्या नकाशांचा पाया झालं.

जीपीएसचा पाया वेगळा, डब्ल्यूजीएस-८४. त्यामुळे एकाच देवळाचे अक्षांश-रेखांश जुन्या टोपोशीटवर आणि जीपीएसवर वेगळे येतात. देशात अनेक ठिकाणी हा फरक १०० मीटरहून जास्त भरतो. हातातल्या जीपीएसच्या मेनूत 'इंडियन' हा डेटम निवडायला लागायचा, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी नकाशे डब्ल्यूजीएस-८४ वर आणायचं ठरवलं, संरक्षण दलांची मालिका वेगळी ठेवली. फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतीय कंपन्यांना पूर्वपरवानगीशिवाय नकाशे बनवायची मोकळीक मिळाली. आज गाडीच्या स्क्रीनवर गल्लीबोळ दिसतात, त्याला हा निर्णयही कारण आहे.

पण नकाशा छापला त्या दिवसापासून शिळा होऊ लागतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ मोबाइलच्या नकाशावर चालणारी एक गाडी रामगंगेवरच्या पुलावर गेली. पुलाचा पुढचा भाग पुराने तुटलेला होता. नकाशात तो शाबूत होता. रस्त्यावर अडथळा नव्हता. तिघे गेले. उपग्रहांनी त्या गाडीची जागा शेवटपर्यंत बरोबर सांगितली असणार. पूल आहे की नाही हे सांगणं त्यांचं काम नाही. कॉन्व्हॉय कमांडर रस्ता ओळखीचा असला तरी पुढे रेकी पाठवतो, ती याचसाठी.

तर मग कोणतं घ्यावं?

आता मूळ प्रश्न. कंपनीने आत बसवलेल्या यंत्रणेला गाडीच्या चाकांचे सेन्सर आणि जायरो जोडलेले असतात. ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत, तेव्हा ती होंडाच्या १९८१ च्या पद्धतीने, म्हणजे नैनसिंहांच्या जपमाळेच्या हिशोबाने, बाण पुढे सरकवत राहते. नुसता मोबाइल तिथे अंदाजावर असतो. काही गाड्या आपल्या सेन्सरची माहिती जोडलेल्या मोबाइललाही देतात. शोरूममध्ये हे मुद्दाम विचारा.

उलट बाजूने, आतल्या नकाशाचं अपडेट लोक वर्षानुवर्षं करत नाहीत. मोबाइलचा नकाशा ताजा राहतो आणि पुढची कोंडीही दाखवतो. डोंगरात पोस्टिंग असेल, बोगदे आणि नेटवर्क नसलेले पट्टे जास्त असतील, तर आतली यंत्रणा घ्या आणि वर्षाला अपडेट करा. पुणे-नाशिक-नागपूर एवढंच फिरायचं असेल तर मोबाइल पुरे.

एक गैरसमज मात्र काढून टाका. नेटवर्क गेलं म्हणजे जीपीएस गेलं, असं नाही. उपग्रहाला मोबाइल टॉवर लागत नाही, नकाशा डाउनलोड करायला लागतो. म्हणून निघण्याआधी त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या. नव्या जागी रिसीव्हरला पहिला फिक्स घ्यायला वेळ लागला तर घाबरू नका. उपग्रहाचा संदेश सेकंदाला अवघ्या ५० बिट्सच्या गतीने येतो.

आणि तरुण अधिकाऱ्यांना एक सांगणं. युद्धात सर्वांत आधी जाईल तो हा सिग्नल. २०,००० किलोमीटरवरून येताना तो इतका क्षीण होतो की जमिनीवरचा छोटा जॅमरही त्याला दाबतो. युक्रेनच्या आघाडीवर दोन्ही बाजू रोज हेच करत आहेत. जॅमिंग निदान कळतं. खोटा सिग्नल पाठवून बाण भलतीकडे नेला तर तेही कळत नाही, जोवर तुम्ही बाहेरचा डोंगर आणि स्क्रीनवरचा डोंगर जुळवून पाहत नाही. तेव्हा रूट कार्ड लिहिण्याची सवय सोडू नका. किलोमीटरचे दगड वाचा. आठवड्यातून एकदा तरी ड्रायव्हरला स्क्रीन बंद करून ठिकाण गाठायला सांगा, आणि शेजारी बसून तुम्हीही नकाशावर बोट ठेवा.

१९६५ आणि १९७१ मध्ये राजस्थान-पंजाबात रात्री गाड्या, रणगाडे नेलेले ज्येष्ठ वाचक या पानावर येतात. तेव्हा वाट कशी धरलीत, काय जुळवलंत, कशाने फसायला झालं, हे लिहून पाठवा. त्या आठवणी कुठल्याच उपग्रहावर साठवलेल्या नाहीत.